मनोरुग्णालयातील वास्तव्याचा कालावधी

मनोरुग्णालयातील वास्तव्याचा कालावधी म्हणजे मानसिक आजारावरील उपचारांसाठी भरती झालेली व्यक्ती भरतीच्या दिवसापासून मुक्ततेच्या दिवसापर्यंत रुग्णालयात जितके दिवस राहते तितका काळ. मनोविकारशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र आणि मानवी हक्क या तिन्ही क्षेत्रांत या कालावधीचा अभ्यास केला जातो. मोतीबिंदू, अपेंडिक्स किंवा अस्थिभंग यांसारख्या शारीरिक व्याधींत निदान ठरले की रुग्णाला किती दिवस राहावे लागेल याचा बराचसा अचूक अंदाज बांधता येतो. मानसिक आजारांत तसे होत नाही. एकच निदान आणि जवळपास सारखीच तीव्रता असलेल्या दोन रुग्णांपैकी एक तीन आठवड्यांत घरी जातो, तर दुसरा वीस वर्षे रुग्णालयातच राहतो, असे आढळते.

या तफावतीमागे वैद्यकीय, कौटुंबिक, सामाजिक, आर्थिक, प्रशासकीय आणि कायदेविषयक अशी अनेक कारणे असतात. आजाराची लक्षणे ओसरेपर्यंतचा काळ मुख्यतः वैद्यकीय घटकांवर अवलंबून असतो. त्यानंतरचा काळ मात्र रुग्णाला रुग्णालयाबाहेर घर, माणसे आणि उपचार उपलब्ध आहेत की नाहीत यावर ठरतो. भारतातील शासकीय मनोरुग्णालयांत हा दुसरा काळ अनेकदा पहिल्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मोजमापाच्या पद्धती

वास्तव्याचा कालावधी प्रामुख्याने दोन प्रकारे मोजतात. पहिल्या पद्धतीत ठरावीक वर्षात रुग्णालयातून बाहेर पडलेल्या सर्वांच्या वास्तव्याच्या दिवसांची सरासरी काढली जाते. दुसऱ्या पद्धतीत एखाद्या दिवशी रुग्णालयात असलेल्या सर्व रुग्णांची गणना करून प्रत्येकजण किती काळ तेथे आहे हे नोंदवले जाते. या दोन पद्धतींतून एकाच रुग्णालयाची अगदी वेगळी चित्रे उभी राहू शकतात.

उदाहरणादाखल १०० खाटांचे एक काल्पनिक रुग्णालय घेता येईल. तेथील ६० खाटांवर वर्षानुवर्षे तेच रुग्ण आहेत आणि उरलेल्या ४० खाटांवरील रुग्ण दर ३० दिवसांनी बदलतात, असे मानू. वर्षभरात सुमारे ४८७ रुग्ण बरे होऊन घरी जातील आणि त्यांच्या वास्तव्याची सरासरी ३० दिवस भरेल. अहवालात केवळ ही सरासरी दिली, तर त्या ६० जणांचा मागमूसही लागणार नाही, कारण जो बाहेरच पडला नाही तो या हिशेबात येत नाही. प्रत्यक्षात मात्र कोणत्याही दिवशी त्या रुग्णालयातील शंभरांपैकी साठ रुग्ण दीर्घकाळ राहिलेले असतील.

याच्या उलट अडचणही संभवते. त्या साठांपैकी वीस वर्षे राहिलेल्या एकाचे यशस्वी पुनर्वसन झाले, तर त्या एका व्यक्तीच्या ७,३०५ दिवसांमुळे वार्षिक सरासरी ३० वरून सुमारे ४५ दिवसांवर जाईल. म्हणजे ज्या वर्षी रुग्णालयाने सर्वांत अवघड काम पार पाडले, त्याच वर्षी त्याची आकडेवारी बिघडलेली दिसेल. या कारणास्तव अभ्यासक सरासरीबरोबर मध्यक देतात आणि एक वर्ष, पाच वर्षे व दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांची संख्या स्वतंत्रपणे नोंदवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोप, अमेरिका आणि ब्रिटिशशासित भारतात स्थापन झालेल्या वेड्यांच्या इस्पितळांचा मुख्य हेतू रुग्णाला समाजापासून वेगळे ठेवणे हा होता. परिणामकारक औषधे नव्हती. त्यामुळे अनेकांसाठी भरती म्हणजे आजन्म वास्तव्य असे. ही इस्पितळे बहुधा वस्तीपासून दूर, उंच भिंतींच्या आवारात बांधली जात.

१९५२ मध्ये पॅरिसमधील ज्याँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी मनोविकारांत क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पुढील काही वर्षांत हे औषध जगभर पोहोचले आणि तीव्र लक्षणे काही आठवड्यांत आटोक्यात आणणे शक्य झाले. अमेरिकेतील राज्य मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. १९९४ पर्यंत ही संख्या सुमारे ७२ हजारांवर आली. मात्र या घटीचे श्रेय केवळ औषधाला देता येत नाही. १९६३ चा सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांविषयीचा कायदा, १९६५ पासून सुरू झालेल्या शासकीय आरोग्यविमा योजनांचे नियम आणि नागरी हक्कांचे न्यायालयीन निर्णय यांचाही त्यात मोठा वाटा होता. बाहेर पुरेशी केंद्रे उभी न राहिल्याने अनेक रुग्ण बेघर झाले किंवा तुरुंगात पोहोचले, ही या बदलाची दुसरी बाजू होय.

इटलीत मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बसालिया यांनी गोरिझिया व त्रिएस्ते येथील मनोरुग्णालयांत बंद दरवाजे उघडण्याचे प्रयोग केले. त्यांच्या चळवळीतून १३ मे १९७८ रोजी ‘कायदा क्रमांक १८०’ संमत झाला. या कायद्याने नवी मनोरुग्णालये उभारण्यास मनाई केली, सर्वसाधारण रुग्णालयांत जास्तीत जास्त १५ खाटांचे मनोविकार कक्ष सुरू केले आणि सक्तीच्या उपचारांसाठी सात दिवसांची मुदत घातली. ही मुदत वाढवता येते, परंतु प्रत्येक वाढीसाठी कारण द्यावे लागते.

जपानमध्ये याहून वेगळा इतिहास घडला. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी मनोरुग्णालयांची संख्या झपाट्याने वाढली आणि आजही बहुसंख्य खाटा खासगी क्षेत्रात आहेत. २०१८ च्या सुमारास तेथील मनोविकार खाटांवरील सरासरी वास्तव्य अडीचशे दिवसांहून अधिक होते. जपानी माणसांचे आजार इतरांहून तीव्र असल्याचा पुरावा नाही. त्यामुळे धोरण आणि खाटांची उपलब्धता यांचा कालावधीवर किती प्रभाव पडतो हे दाखवण्यासाठी जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते.

वैद्यकीय घटक

निदान व तीव्रता : छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, आणि इतर तीव्र मनोविकारांत वास्तव्य सामान्यतः अधिक असते. समायोजनाच्या अडचणी, व्यसनाशी संबंधित तात्पुरत्या अवस्था व व्यक्तिमत्त्वविकार यांत ते तुलनेने कमी असते. भरतीच्या वेळची लक्षणांची तीव्रता, आत्महत्येचा धोका, आक्रमक वर्तन आणि स्वतःची काळजी घेण्याची क्षमता यांचाही परिणाम होतो.

उपचारांचा वेग : औषधांना परिणाम दाखवण्यास ठरावीक अवधी लागतो. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. उन्मादावर दिल्या जाणाऱ्या लिथियमचे रक्तातील प्रमाण स्थिरावण्यास सुमारे पाच ते सात दिवस जातात. इतर औषधांना दाद न देणाऱ्या छिन्नमनस्कतेत क्लोझापिन वापरतात. त्याची मात्रा हळूहळू वाढवावी लागते आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. तीव्र नैराश्यात किंवा रुग्णाने अन्नपाणी सोडले असल्यास विद्युत उपचार, ज्यांना बोलीभाषेत शॉक म्हणतात, वेगाने गुण देतात. ते सहसा आठवड्यातून दोन ते तीन वेळा, असे एकूण सहा ते बारा वेळा दिले जातात.

सोबतचे आजार : क्षयरोग, मधुमेह, अपस्मार, कुपोषण किंवा बौद्धिक अक्षमता असल्यास वास्तव्य लांबते. वृद्ध रुग्णांत स्मृतिभ्रंश व शारीरिक दुर्बलता यांमुळे घरी सोडण्याचा निर्णय अवघड होतो. दारू किंवा अन्य व्यसन सोबत असेल तर परिणाम दोन्ही दिशांनी होतो. नशेमुळे उद्भवलेली लक्षणे लवकर ओसरून काही रुग्ण लवकर घरी जातात, तर काहींना व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी अधिक काळ राहावे लागते.

पूर्वेतिहास : पूर्वी अनेकदा भरती झालेल्या आणि औषधे मध्येच सोडणाऱ्या रुग्णांचे वास्तव्य अधिक असते. आजाराची पहिली लक्षणे आणि पहिला उपचार यांत जितका काळ गेला असेल तितकी सुधारणा सावकाश होते. भारतात हा विलंब मोठा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण बहुतांशी ७० टक्क्यांहून अधिक होते. देवऋषी, मांत्रिक किंवा दर्गा-देवस्थाने यांच्याकडे प्रथम जाण्याचा रिवाज, जवळपास मनोविकारतज्ज्ञ नसणे आणि लोकलज्जा ही विलंबाची कारणे सांगितली जातात.

व्यक्ती आणि कुटुंब

रुग्ण विवाहित आहे की एकटा, त्याला रोजगार आहे की नाही आणि भरतीपूर्वी तो कोणाकडे राहत होता या गोष्टींचा कालावधीशी निकटचा संबंध असल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. कुटुंब भेटीस येत असेल, तर रुग्णाच्या सुधारणेची माहिती घरापर्यंत पोहोचते आणि परतीची तयारी होते. भेटी विरळ होत गेल्या की घरातील त्याची जागाही हळूहळू नाहीशी होते. खोली दुसऱ्याला दिली जाते, शेताच्या वाटणीत नाव राहत नाही, आईवडील निवर्ततात आणि भावंडांच्या पुढच्या पिढीला त्या व्यक्तीची ओळखही उरत नाही.

भारतीय रुग्णालयांत याचा फटका स्त्रियांना अधिक बसतो. आजारी विवाहितेला सासरचे माहेरी पाठवतात, माहेरचे रुग्णालयात आणतात आणि नंतर दोन्ही घरे जबाबदारी नाकारतात, असा घटनाक्रम समाजसेवा अधीक्षकांच्या नोंदींत वारंवार येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये विशिष्ट स्वरूपाचा व तीव्रतेचा मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण मानले आहे. घटस्फोटानंतर पोटगी किंवा निवासाची सोय झाली नाही, तर बरी झालेली स्त्री रुग्णालयातच अडकून पडते.

बेघर आणि फिरस्त्या मनोरुग्णांचा प्रश्न याहून बिकट आहे. पोलिसांनी रस्त्यावरून आणलेल्या व्यक्तीचे नाव, गाव आणि भाषा यांपैकी काहीच ठाऊक नसते. उपचारांनंतर तिला गावाचे नाव आठवले, तरी ते दुसऱ्या राज्यातील एखादे लहान खेडे असू शकते. उच्चारातील फरकामुळे ते नकाशावर सापडत नाही, तिची बोली कर्मचाऱ्यांना समजत नाही आणि ओळखपत्र नसल्याने शासकीय योजनांचा लाभ मिळत नाही. अशा रुग्णाचे वास्तव्य आजारापेक्षा पत्ता शोधण्याच्या कामावर ठरते.

रुग्णालयाची व्यवस्था आणि खर्च

खाटांची संख्या व त्यांवरील ताण यांचा थेट परिणाम होतो. खाटा कमी आणि प्रतीक्षायादी मोठी असेल, तर डॉक्टर रुग्णाला लवकर सोडण्याकडे झुकतात. खाटा रिकाम्या असतील, तर तशी निकड भासत नाही. जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार कक्षांत खाटा थोड्या असतात आणि नातेवाइकाने सोबत राहण्याची अट असते. परिणामी तेथील वास्तव्य दिवसांत किंवा आठवड्यांत मोजले जाते. मोठ्या स्वतंत्र मनोरुग्णालयांत नातेवाईक सोबत नसतात आणि तेथेच दीर्घ वास्तव्याचे प्रमाण अधिक असते.

कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांची कामे यांनाही महत्त्व आहे. डॉक्टर औषधयोजना ठरवतात, परंतु घरच्यांशी पत्रव्यवहार, गृहभेट, पत्त्याचा शोध, आधार कार्ड किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची खटपट ही कामे समाजसेवा अधीक्षक करतात. ही पदे रिक्त राहिल्यास वैद्यकीयदृष्ट्या बरा झालेला रुग्णही बाहेर पडू शकत नाही. भरतीच्या पहिल्या आठवड्यातच घरी सोडण्याचे नियोजन सुरू करणे हा कालावधी आटोक्यात ठेवण्याचा एक साधा व उपयुक्त उपाय मानला जातो.

खर्च कोण आणि कसा देतो यावरही दिवस ठरतात. अमेरिकेत १९८३ मध्ये निदानानुसार रुग्णालयांना ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली. मानसिक आजारांत निदानावरून वास्तव्याचा अंदाज फार अपुरा येत असल्याने स्वतंत्र मनोरुग्णालयांना तिच्यातून वगळण्यात आले. २००५ पासून त्यांच्यासाठी दैनिक दराची पद्धत लागू झाली. त्यात सुरुवातीच्या दिवसांचा दर अधिक असून पुढील दिवसांचा दर उतरत जातो. तेथील ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत स्वतंत्र मनोरुग्णालयातील उपचारांना आयुष्यभरात १९० दिवसांची मर्यादा आहे. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे. खासगी रुग्णालयांत मात्र कुटुंबाची खर्च पेलण्याची क्षमता हाच बहुधा निर्णायक घटक ठरतो. पैसे संपले म्हणून पूर्ण गुण येण्याआधीच रुग्णाला घरी नेले जाते.

कायद्याचा प्रभाव

भारतात १९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ ने घेतली आणि तो १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. या दोन्ही कायद्यांत सक्तीच्या भरतीसाठी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाला महत्त्व होते. सध्याचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यात वास्तव्याच्या मुदती पुढीलप्रमाणे निश्चित केल्या आहेत :

• स्वतःच्या इच्छेने भरती झालेल्या प्रौढ व्यक्तीला मागणी करताच सोडले पाहिजे. आवश्यक वाटल्यास तपासणीसाठी फक्त २४ तास थांबवता येते.
• तातडीच्या प्रसंगी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरास देता येणाऱ्या मानसिक उपचारांची मर्यादा सामान्यतः ७२ तास आहे.
• दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने तपासणीसाठी होणारी भरती १० दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही.
• नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी आधाराची भरती प्रथम कमाल ३० दिवसांसाठी असते. तिची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत, द्यावी लागते.
• ३० दिवसांनंतर मंडळाच्या परवानगीने ही मुदत प्रथम ९० दिवस, नंतर १२० दिवस आणि त्यापुढे प्रत्येक वेळी १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

या कायद्याचे कलम १९ दीर्घ वास्तव्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणाने कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येणार नाही, असा हक्क ते देते. अशा व्यक्तींसाठी हाफवे होम व आधारयुक्त निवास पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे.

इंग्लंड व वेल्समधील १९८३ च्या कायद्यानुसार तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत आणि उपचारांसाठी प्रथम सहा महिन्यांपर्यंत सक्तीने ठेवता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये केनेथ डोनाल्डसन यांच्या प्रकरणात निर्णय दिला. त्यांना फ्लोरिडातील रुग्णालयात जवळपास पंधरा वर्षे ठेवण्यात आले होते. जी व्यक्ती इतरांना धोकादायक नाही आणि स्वतःच्या किंवा आप्तमित्रांच्या मदतीने सुरक्षितपणे राहू शकते, तिला केवळ डांबून ठेवता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

फौजदारी खटल्यातील आरोपी मनोरुग्णांचे वास्तव्य न्यायप्रक्रियेशी जोडलेले असते. आरोपी खटल्याला सामोरा जाण्यास सक्षम नसेल तर खटला थांबतो. तो बरा झाल्याचे रुग्णालयाने कळवल्यावर न्यायालयाने पुढील पाऊल उचलावे लागते. या पत्रव्यवहारात खंड पडल्यास काय होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे आसाममधील माचांग लालुंग. १९५१ मध्ये अटक झाल्यावर त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. ते बरे असल्याचे रुग्णालयाने १९६७ मध्ये कळवले. तथापि त्यांना घरी न सोडता तुरुंगात नेण्यात आले आणि खटला न चालताच ते ५४ वर्षे बंदिवासात राहिले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यानंतर २००५ मध्ये त्यांची सुटका झाली.

दीर्घ वास्तव्याचे परिणाम

दीर्घ वास्तव्य हे आजाराचे फलित असते तसेच नव्या अक्षमतेचे कारणही असते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ मध्ये ‘संस्थाजन्य’ विकाराचे वर्णन केले. उदासीनता, पुढाकाराचा अभाव, आज्ञाधारकपणा आणि भविष्याविषयी निरिच्छा ही त्याची लक्षणे छिन्नमनस्कतेची समजली जातात, परंतु त्यांतील काही भाग रुग्णालयातील एकसुरी जीवनातून येतो, असे त्यांनी मांडले. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये अशा संस्थांचे विश्लेषण केले. झोपणे, जेवणे, काम करणे हे सारे एकाच जागी आणि एकाच अधिकाराखाली होत राहिल्याने व्यक्तीची पूर्वओळख पुसली जाते, असे त्यांनी दाखवले. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राऊन यांनी तीन ब्रिटिश रुग्णालयांच्या तुलनेतून १९७० मध्ये दाखवून दिले की जेथे रुग्णांना काम व व्यवधान कमी तेथे त्यांची उदासीनता अधिक.

व्यवहारात याचा अर्थ असा, की वर्षानुवर्षे पैसे न हाताळलेल्या, बसमध्ये न बसलेल्या, स्वयंपाक न केलेल्या माणसाला बाहेरचे जग परके वाटू लागते. मग तो स्वतःच बाहेर जाण्यास नकार देतो आणि हा नकार पुढील वास्तव्याचे कारण म्हणून नोंदवला जातो.

अतिअल्प वास्तव्याचे प्रश्न

वास्तव्य जितके कमी तितके चांगले, असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. लक्षणे आटोक्यात येण्यापूर्वी किंवा बाहेरील उपचारांची सोय न लावता रुग्णाला सोडल्यास औषधे बंद पडतात आणि पुन्हा भरती होण्याची शक्यता वाढते. रुग्णालयातून सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात. दुसरीकडे, गंभीर मानसिक आजारांतील नियोजित अल्पकालीन भरती आणि दीर्घ भरती यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अल्प वास्तव्यामुळे पुनर्भरती वाढत असल्याचे आढळले नाही. येथे ‘नियोजित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाठपुराव्याची तारीख, औषधांचा पुरवठा आणि घरच्यांना दिलेली माहिती यांसह केलेली लवकर मुक्तता आणि खाट रिकामी करण्यासाठी केलेली मुक्तता यांत मोठा फरक आहे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने केलेला ३७ मनोरुग्णालयांचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक ठिकाणची कोंडवाड्यासारखी रचना आणि दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न त्यातून पुढे आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३ शासकीय मनोरुग्णालयांच्या पाहणीत सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ तेथे राहत असल्याचे आढळले.

महाराष्ट्रात येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांची मंजूर खाटसंख्या अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५,६९५ आहे. रत्नागिरीचे रुग्णालय १८८६ चे, तर ठाण्याचे १९०१ चे आहे. मराठी बोलीत ‘ठाण्याला पाठवणे’ किंवा ‘येरवड्याला पाठवणे’ हे शब्दप्रयोग वेड लागण्याशी जोडले गेले. या रुग्णालयांत राहून आल्याचा शिक्का बरे झाल्यावरही पुसला जात नाही आणि घरी परतण्यातील तो एक अडथळा ठरतो.

बरे होऊनही रुग्णालयात राहिलेल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गौरवकुमार बन्सल यांच्या जनहित याचिकेद्वारे आला. न्यायालयाने २०१७ मध्ये अशा व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी योजना आखण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रात अशा व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत व तत्सम संस्थांत हलवले जात असल्याचे निदर्शनास आल्यावर २०१९ मध्ये न्यायालयाने ही पद्धत थांबवण्यास सांगितले. एका बंद संस्थेतून दुसऱ्या बंद संस्थेत पाठवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, ही भूमिका त्यामागे होती.

कालावधी कमी करण्याचे प्रयत्न

कुटुंबाचा सहभाग : अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाइकांना आजार समजला, ते उपचारांत सहभागी झाले आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही कुटुंबीयांनी सोबत राहण्याची पद्धत रूढ झाली. सोबत राहणारा नातेवाईक असला की रुग्णाचे घराशी असलेले नाते तुटत नाही, हा या प्रयोगांचा मुख्य धडा मानला जातो.

घराजवळ उपचार : १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तालुक्याच्या ठिकाणी औषधे मिळाली तर भरतीची गरज कमी भासते आणि भरतीनंतर लवकर परतता येते. अमेरिकेत मॅडिसन येथे १९७० च्या दशकात लिओनार्ड स्टाइन आणि मेरी अ‍ॅन टेस्ट यांनी रुग्णाच्या घरी जाऊन सर्व सेवा पुरवणाऱ्या पथकाची कल्पना राबवली. या पद्धतीने रुग्णालयातील दिवस कमी झाल्याचे दिसून आले.

आधारयुक्त निवास : लंडनमधील फ्राइर्न व क्लेबरी ही जुनी मनोरुग्णालये बंद होत असताना ज्युलियन लेफ यांच्या पथकाने दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला. लहान निवासांत हलवलेले बहुसंख्य लोक तेथे टिकले, बेघर झालेले फारच थोडे होते आणि बहुतेकांनी रुग्णालयापेक्षा नवे घर पसंत केले. भारतात चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने चार-पाच जणांनी सर्वसामान्य वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहण्याचा ‘होम अगेन’ हा उपक्रम राबवला आहे.

कुटुंबाशी पुनर्भेट : डॉ. भरत वटवानी यांची ‘श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान’ ही संस्था कर्जत येथील केंद्रात रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करते आणि त्यांच्या गावाचा शोध घेऊन त्यांना देशभर घरी पोहोचवते. या कार्यासाठी वटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन

वास्तव्याचे दिवस मोजणे सोपे असल्याने रुग्णालयाच्या कार्यक्षमतेचे माप म्हणून त्यांचा वापर होतो. परंतु नुसत्या दिवसांवरून सेवेचा दर्जा कळत नाही. रुग्ण कोठे गेला, पहिल्या महिन्यात त्याला औषध व डॉक्टर मिळाले का, तो पुन्हा भरती झाला का, त्याला काम व उत्पन्न आहे का आणि त्याचे स्वतःचे मत काय आहे, या प्रश्नांची उत्तरे सोबत घेतल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. वैद्यकीयदृष्ट्या घरी जाण्यास योग्य ठरल्याची तारीख आणि प्रत्यक्ष मुक्ततेची तारीख या दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवल्यास आजारामुळे गेलेले दिवस आणि सोयींच्या अभावी गेलेले दिवस वेगळे करता येतात. दुसऱ्या प्रकारचे दिवस कमी करण्यासाठी नवे औषध नव्हे, तर निवास, उत्पन्नाचा आधार आणि घराजवळचे उपचार यांची गरज असते.